जब्याला पाहणारे डोळे

मागच्या व्याख्यानात आपण पियाजेने सांगितलेले विचारविकासाचे चार टप्पे पाहिले. आज ते एका पात्राला लावून बघायचे आहेत. पात्र आपल्या चांगल्या ओळखीचं आहे: नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधला जब्या. सिद्धांत जब्याबद्दल काय सांगतो हे तर आपण बघूच, पण जब्या सिद्धांताबद्दल काय सांगतो तेही बघू. आम्हाला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात काळ्या चिमणीपासून करू. ती चिमणी मारायची, जाळायची आणि तिची राख शालूच्या अंगावर टाकायची, म्हणजे शालू आपली होईल, असं जब्याला वाटतं. त्यासाठी तो गलोल घेऊन रानोमाळ फिरतो. पाठ्यपुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी लगेच म्हणेल, हा तर जादुई विचार! हा दोन ते सात वर्षांचा टप्पा, पूर्वक्रियात्मक अवस्था. मग शाळेत जाणारा, मिसरूड फुटायला आलेला मुलगा तिथेच अडकलाय का?

तसं नाही. हाच मुलगा जीन्ससाठी पैसे लागणार हे ओळखतो आणि बर्फाच्या कांड्या विकायला निघतो. साधारण अकरा-बारा वर्षांपासून सुरू होणाऱ्या औपचारिक क्रियात्मक अवस्थेची खूण कोणती? 'जे आहे' त्याच्या पलीकडे जाऊन 'जे असू शकतं' त्याचा विचार करता येणं. जब्या नेमकं तेच करतो. गावाने त्याची जागा ठरवून दिली आहे, आणि तो त्या जागेबाहेरचं आयुष्य मनात उभं करतो. मग राख कशासाठी? कारण त्या आयुष्याकडे जाणारा दुसरा रस्ता त्याला कुणी दाखवलेलाच नाही.

इथे पियाजेपेक्षा वायगॉट्स्की जास्त उपयोगी पडतो. त्याच्या मते माणूस विचाराची साधनं समाजाकडून उचलतो. जब्याला शाळेत चोखोबांचा अभंग शिकवला जातो, पण वर्गाबाहेर त्या अभंगाचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. चिमणीची युक्ती सांगतो तो सायकलवाला चंक्या, जब्याशी माणसासारखा बोलणारा मोठा माणूस. मूल जवळ मिळेल तेच साधन उचलणार. साधन भाबडं आहे म्हणून मुलाची बुद्धीही भाबडी ठरत नाही.

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली किशोरवयातल्या आत्मकेंद्रीपणाबद्दल एक कल्पना मांडली: काल्पनिक प्रेक्षक. या वयात मुलांना वाटतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. खरं तर जो तो आपल्याच नादात असतो. बी.एड.च्या वर्गात हे वाचताना आपण सगळेच हसतो, कारण आपल्यालाही आपली मुरमं आठवतात.

पण हे जब्याला लावून बघा. खड्ड्यात पडलेलं डुकराचं पिल्लू बाहेर काढायला सांगितलं तर तो नकार देतो. जत्रेत मिरवणुकीत नाचायची हौस असते, पण डोक्यावर बत्ती येते. शेवटी शाळेजवळ डुकरं धरायची वेळ येते तेव्हा तो लपतो. एल्काइंडच्या चौकटीत बसवलं तर हा सगळा वयाचा संकोच ठरेल. पण पडद्यावर काय दिसतं? गाव खरोखरच जमलंय. खिदळतंय, हाका मारतंय. शालूही बघतेय. इथले प्रेक्षक काल्पनिक नाहीत हो!

म्हणजे काल्पनिक प्रेक्षकाच्या कल्पनेत एक गृहीतक दडलेलं आहे. गल्लीतून जाताना ज्याच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही, असा मुलगा तिथे धरलेला आहे. जब्या तसा नाही. सगळे बघताहेत हा त्याचा भ्रम नसून अचूक अनुमान आहे. दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे बघता येण्याला पियाजे विकेंद्रीकरण म्हणतो आणि ती प्रगती मानतो. जब्याची ती प्रगती झाली आहे, आणि तिचाच त्याला त्रास होतोय. लहान होता तेव्हा डुकरामागे धावणं त्याला कदाचित खेळ वाटला असेल. आता आपण कसे दिसतो हे त्याला कळतं.

कुणी म्हणेल, हे तर कल्पित पात्र, त्याची चाचणी कुठे घेता येते? बरोबर आहे, जब्याची चाचणी घेता येत नाही. पण त्याच्यामुळे सिद्धांताची घेता येते. कोणत्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून नियम केला, हे विचारता येतं.

राष्ट्रगीत सुरू होतं, कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. पुढे त्याच डुकराला खांद्यावर घेऊन ते आंबेडकर, सावित्रीबाईंची चित्रं असलेल्या भिंतीवरून जातात. आणि मग जब्याचा दगड थेट पडद्याबाहेर येतो. इतका वेळ बघत बसलेले आपणही त्या प्रेक्षकांतलेच, म्हणून तो आपल्याकडे येतो.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण शिक्षक आहेत, म्हणून एवढंच सांगून थांबतो. मागच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या मुलाच्या नोंदीत 'लाजाळू स्वभाव' असं लिहिण्याआधी मान वर करून वर्गाकडे एकदा बघूया. त्याच्याकडे कोण कोण बघतंय, आणि कसं, ते आधी तपासूया. प्रश्न असतील तर आता घेऊ.