विस्मरणाचे शोकगीत

हेवी मेटल म्हणजे केवळ क्रोध, हे गृहीतक मेटालिकाच्या ‘वन’ (१९८८) या गीतापाशी अपुरे ठरते. गीतामागे डाल्टन ट्रम्बोची ‘जॉनी गॉट हिज गन’ (१९३९) ही कादंबरी आहे. हातपाय, दृष्टी, श्रवण व वाचा गमावलेल्या सैनिकाला कादंबरीत स्मृतींचा आधार उरतो. गीतातील निवेदक मात्र विस्मरणापासूनच आरंभ करतो. हा बदल निर्णायक होय. स्मृतींची ती रिकामी जागा श्रोता स्वतःच्या दुःखाने भरतो. संथ गिटारपासून मशीनगनसदृश ड्रमच्या आघातांपर्यंतची चढण म्हणजे वाचाहीन देहाची किंकाळीच. मात्र अखेरीस शमन नाही. गीत संपते, वेदना उरते. विरेचनाची परिभाषा येथे थिटी पडते.