परतीची वाट नसलेला निरोप

संदेशवहनाच्या नव्या साधनाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न वेगाचा असतो. तारेला किती वेळ लागे, टेलिफोनला किती, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपला किती? समाजमाध्यमांनी व्यापार बदलला, घरातले बोलणे बदलले असे आपण म्हणतो, तेव्हाही बहुधा हा वेगच मनात असतो. आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. निरोप चुकीचा निघाला तर विचारणा उलट वाटेने मूळ सांगणाऱ्यापर्यंत जाऊ शकते का, आणि दुरुस्ती ज्यांनी ज्यांनी तो वाचला त्यांच्यापर्यंत पोचू शकते का? या एका कसोटीवर हे माध्यम तपासून पाहू. उदाहरणे शक्यतो वसई-विरार आणि पालघर जिल्ह्यातलीच घेऊ.

प्रथम व्यापार. वसईच्या वाड्यांमधला मोगरा आणि सोनचाफा वर्षानुवर्षे लोकलने दादरच्या फूलबाजारात जात आला आहे. पूर्वी त्या दिवशीचा भाव टोपली खाली ठेवल्यावरच कळे. आता बागायतदार निघण्यापूर्वी मालाचा फोटो पाठवून भाव विचारू शकतो. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसेही फोनवरून येऊ लागले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे अ‍ॅप काढले. यातून फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो का झाला? कारण येथे दोन्ही टोकांना ओळखीची माणसे आहेत. फुले कोमेजलेली निघाली तर तक्रार त्याच क्रमांकावर येते आणि दुसऱ्या दिवशीचा व्यवहार अडतो. उलट, अनोळखी माणसांनी काढलेल्या ‘हमखास नफ्याच्या’ गटात पैसे गुंतवणाऱ्याला तक्रार करायला कोणी सापडत नाही. पैसे गेले की गटही नाहीसा होतो. साधन तेच. फरक आहे तो परतीच्या वाटेचा.

हाच फरक जुलै २०१८ मध्ये फार ठळकपणे दिसला. त्या महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवल्याच्या अफवा तेव्हा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. पुढच्याच आठवड्यात वसई-विरार पाण्यात गेले. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल थांबल्या, वसईच्या मिठागरांत माणसे अडकली. अशा वेळी ‘अमुक इमारत, तळमजला, दोन म्हातारी माणसे, सकाळचे दहा’ असा नावानिशी आलेला निरोप मोलाचा असतो, कारण उलट फोन करून खात्री करता येते. सुटका झाली की तसे कळवताही येते. पण पाण्यात बुडालेल्या रस्त्याचा नुसता फोटो, त्यावर ना दिवस ना ठिकाण, आजचा आहे की गेल्या वर्षीचा हे कोणाला विचारणार?

राईनपाड्यानंतर कंपनीने उपाय केला. त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली गेली, आणि अशा निरोपांत ७० टक्के घट झाल्याचे कंपनीने सांगितले. मात्र गटाची सभासदमर्यादा २५६ वरून २०२२ अखेर १०२४ झाली. स्वतः लिहिलेला निरोप पाच भरलेल्या गटांत पाठवला आणि सर्व सभासद वेगवेगळे धरले, तर पूर्वीच्या १,२८० ऐवजी तो आता ५,१२० जणांपर्यंत जातो.

या उपायातली उणीव साथरोगाच्या गणितातून नीट कळते. साथ पसरेल की विझेल हे दोन दरांच्या गुणोत्तरावर ठरते: लागण होण्याचा दर आणि बरे होण्याचा दर. पुढे ढकलण्यावरची मर्यादा पहिला दर कमी करते. दुसऱ्याला ती हातही लावत नाही. अफवेच्या बाबतीत ‘बरे होणे’ म्हणजे दुरुस्ती पोचणे. मे २०२३ पासून पाठवलेला निरोप १५ मिनिटांच्या आत सुधारता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती सुधारत नाहीत. ‘फॉरवर्डेड’ हा शिक्काही निरोप फिरून आला एवढेच सांगतो, कोणाकडून आला ते नाही.

अफवा पूर्वीही वेगाने पसरत. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी टेलिफोनवरून एका दिवसात देशभर, परदेशांतही गेली. पण चमचाभर दूध घेऊन कोणालाही प्रयोग करता येत होता. पृष्ठताण आणि केशाकर्षणाचे स्पष्टीकरण, रंगीत दूध मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवणारे प्रयोग, हे सारे ज्या वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने बातमी दिली त्यांतूनच लोकांपुढे आले. ज्या चावडीवर अफवा ऐकली, तिथेच तिचे खंडन ऐकू आले.

गडचिंचल्याला ही सोय नव्हती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील या गावाजवळ, सुरतेकडे निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या मोटारचालकाला जमावाने पोलिसांदेखत ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा फोनवरून आणि तोंडातोंडी आल्या होत्या. दोष एकट्या फोनचा नव्हे. भीती आणि एकटेपण आधीच होते. हत्येनंतर तिला धार्मिक रंग देणारे निरोप देशभर फिरले. २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्र्यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून तो दावा खोडला. पण ती यादी पहिला निरोप वाचणाऱ्यांच्या गटांत आपोआप जाईल अशी वाटच नव्हती.

यावर एक उत्तर दिले जाते: मूळ पाठवणारा शोधून काढा. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांत तशी तरतूद आहे, आणि तिच्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. हे उत्तर आम्हांला पटत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडणाऱ्या एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली. तेथे अफवा नव्हती आणि लिहिणारीचे नाव लपलेले नव्हते. त्या प्रकरणात वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पोलिसांनी माग काढणे आणि वाचणाऱ्याने ‘तुम्हांला हे कसे कळले?’ असे विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने माणसे गप्प बसतात, दुसरीने चूक दुरुस्त होते.

दुसरी गोष्ट वर्गात शिकवता येते. ३१ मुले घ्या. एकाने ‘शनिवारी शाळा सातला’ असे दोन चिठ्ठ्यांवर लिहून दोघांच्या दप्तरात नकळत टाकावे. त्या दोघांनी तसेच करावे. प्रत्येक वेळी चिठ्ठी न मिळालेले दप्तरच निवडले तर चार फेऱ्यांत (१ + २ + ४ + ८ + १६) सर्वांना निरोप मिळतो. मग पहिल्या मुलाला सांगा की वेळ चुकली, ती आठ आहे, आणि दुरुस्ती त्याच साखळीने पाठवायला लावा. किती जणांना मिळाली ते मोजा. नंतर हाच खेळ चिठ्ठीवर देणाऱ्याचे नाव लिहून आणि घेणाऱ्यांची नोंद ठेवून खेळा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

त्यातून निघणारा नियम शिक्षकांच्या स्वतःच्या गटालाही लागू आहे. कोणाकडून, केव्हा आणि कुठले हे ठाऊक नसलेला निरोप पुढे पाठवू नये. आणि पाठवलेला चुकीचा निघाला, तर ज्या ज्या गटांत तो पाठवला तेथे जाऊन, आपल्या नावाने, तसे लिहावे.