विषय, बोली आणि शैली : बहिणाबाईंच्या निमित्ताने

बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेवरील लेखनात शेत, जाते, सासर-माहेर यांची नोंद पुनःपुन्हा येते. ही नोंद विषयांची आहे. तिच्यातून कवितेचे वेगळेपण सिद्ध होत नाही. बालकवी (जन्म धरणगाव, १८९०) आणि बहिणाबाई (जन्म आसोदा, १८८०) हे दोघेही आजच्या जळगाव जिल्ह्यातले. निसर्ग हा दोघांचाही विषय. तथापि बालकवींचा निसर्ग तरल, चित्रमय शब्दकळेतून न्याहाळला जातो, तर बहिणाबाईंचा निसर्ग राबणाऱ्या हातांना जाणवतो आणि ओवीच्या लयीत व्यक्त होतो.

मग बोली हीच बहिणाबाईंची शैली मानावी काय? मुळात त्यांची भाषा सरसकट अहिराणी म्हटली जाते. वस्तुतः ती लेवा बोली आहे आणि धुळ्याकडील अहिराणी तिच्याहून वेगळी आहे. शिवाय बोली समाजाची असते, तिच्यातील निवड कवीची. भालचंद्र नेमाडे हेही याच बोलीच्या परिसरातले. परंतु 'कोसला'चे (१९६३) उपरोधिक निवेदन सर्वस्वी निराळ्या शैलीचे आहे.

बहिणाबाईंच्या कवितेचा प्रमाण मराठीत गद्यानुवाद केला, तर विषय शाबूत राहतो. कविता राहत नाही. या प्रक्रियेत जे निसटते, त्याचे स्वरूप सांगणे हे समीक्षेचे काम होय. 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' एवढाच निष्कर्ष काढणारे प्रबंध या कामाच्या उंबरठ्यावरच थांबतात.