हिमवाट आणि मराठी लेखणी

उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकंठा हे सुमारे १२,५०० फूट उंचीचे शिखर ऐन हिवाळ्यात हिमाने झाकलेले असते. सांक्री गावाहून ते चढून आलेले मराठी प्रवासी आपली वर्णने हौसेने लिहितात. ती वाचताना एक उणीव सारखी जाणवते. त्यांत शुभ्रता असते, शांतता असते, स्वर्गाची उपमा तर हटकून असते. परंतु पायाखालचे हिम कसे होते, हे क्वचितच सांगितलेले असते.

या उणिवेचा काही दोष भाषेकडे जातो. संस्कृतातील ‘हिम’ शब्दाला थंडी आणि गोठलेले पाणी असे दोन्ही अर्थ आहेत. तो आपल्या मुलखात उतरला तेव्हा थंडी तेवढी बोलीत रुळली. मराठीत हीव, हिवाळा, हिवताप झाले. कोकणीत हींव झाले. दव, धुके, गारा यांना आपल्यापाशी घरचे शब्द आहेत. आभाळातून पडणारे भुसभुशीत हिम आणि ओढ्यावर गोठलेला कठीण थर या दोहोंना मात्र आपण एकाच फारसी शब्दाने ‘बर्फ’ म्हणतो. चालणाऱ्याला हा भेद जिवाचा असतो. ताज्या हिमात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. उन्हाने मऊ झालेला थर रात्री पुन्हा गोठतो आणि पहाटे त्याच वाटेवर, विशेषतः उतारावर, बुटांना लोखंडी दाते लावल्यावाचून पाऊल ठरत नाही. ताजे हिम अंगावर पडलेल्या प्रकाशाचा शेकडा ८० किंवा त्याहून अधिक भाग परत फेकते. डोळ्यांना काळा चष्मा नसेल तर दृष्टी काही काळ अधू होते.

तथापि भाषेची सबब पूर्णपणे मान्य करता येत नाही. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात कालिदासाने हिमवाटेवरून चालणाऱ्या किन्नरस्त्रिया वर्णिल्या आहेत. तेथील हिम गोठून शिळेसारखे झाले आहे आणि ते त्यांच्या पायांची बोटे व टाचा यांना पीडा देते. तरीही देहभारामुळे त्यांची मंद चाल बदलत नाही. शृंगाराचा भाग वजा केला तरी निरीक्षण शिल्लक राहते. हिमाची अवस्था सांगितली आहे आणि ते नेमके कोठे बोचते तेही सांगितले आहे. उलटतपासणीत टिकेल अशी ही साक्ष आहे.

मग स्वर्गाची उपमा आली कोठून? आपल्या मनात पांडवांच्या अखेरच्या यात्रेचे चित्र आहे. कीर्तनांतून व चित्रांतून आपण पांडवांना हिमात एकेक करून कोसळताना पाहिले आहे. महाप्रस्थानिक पर्व उघडून पाहिले तर हिमवान ओलांडल्यावर त्यांना वाळूचा समुद्र लागतो आणि पुढे मेरू दिसतो. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन व भीम या क्रमाने पतन होते आणि प्रत्येक पतनाचे कारण म्हणून युधिष्ठिर ज्याचा त्याचा दोष सांगतो. महाभारतकार तेथे आचरणाचा निवाडा देत आहेत. त्यांना हवामानाचे प्रयोजन नाही. हिम आणले ते आपण, ऐकीव पुराव्यावरून. आणि तेव्हापासून हिम म्हणजे स्वर्गाचा उंबरठा, ही समजूत लेखणीला चिकटली.

आपली तीर्थपरंपरा याहून व्यवहारज्ञ आहे. भाऊबीजेच्या सुमारास केदारनाथाचे दरवाजे बंद होतात. देवाची डोली उखीमठास उतरते आणि हिवाळाभर पूजा तेथील ओंकारेश्वर मंदिरात चालते. ज्यांनी हा नेम घालून दिला, त्यांची श्रद्धा आपल्याहून उणी नव्हती. त्यांना हिमाची ओळख होती, म्हणून देवालाही त्यांनी खाली आणले.

पणजीचा किंवा बेळगावचा तरुण, ज्याने हिम कधी पाहिलेले नाही, तो अशी वर्णने वाचूनच जायचे की नाही हे ठरवितो. त्याच्या दृष्टीने लेखक हा साक्षीदार आहे. वाट किती वाजता धरली, उतार केवढा होता, पाय किती रुतला आणि माघारी फिरावे असे कोठे वाटले, एवढे चार प्रश्न लेखकाने स्वतःस विचारावेत. त्यांची उत्तरे देऊनही जागा उरली, तर स्वर्गाचा उल्लेख खुशाल करावा.