ताजमहालाची सावली बाजूला केली की दिसणारी फराहबाग

अहमदनगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगरच्या) फराहबागेबद्दल काहीही शोधा, एक वाक्य हमखास समोर येतं: शहाजहानला ताजमहालाची कल्पना ही वास्तू पाहून सुचली. रीलमध्ये हेच वाक्य संगीतासकट येतं. मी शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचा. आम्हाला पुणं जितकं जवळचं तितकंच नगर, त्यामुळे नगरचं कौतुक झालं की बरं वाटतं. पण हे कौतुक मला पटत नाही. ते फराहबागेला मोठं करत नाही, उलट तिचं खरं मोठेपण झाकून टाकतं.

आधी तारखा पाहू. मूर्तझा निजामशहाच्या काळात फराहबागेचा महाल १५८३ मध्ये पुरा झाला. त्याआधी उभी राहिलेली इमारत पसंत पडली नाही म्हणून पाडली आणि सगळं काम नव्याने केलं. मध्ये घुमटाचं दालन, भोवती खोल्या, चारही दिशांना उंच कमानी आणि कापलेले कोपरे, म्हणजे एकूण आकार अष्टकोनी. या मांडणीला ‘हश्त बिहिश्त’, आठ स्वर्ग, म्हणतात आणि ती आली इराण व मध्य आशियाकडून. दिल्लीतली हुमायूनची कबर फराहबागेच्या आधीची, आणि हुमायून हा शहाजहानचा पणजोबा. ज्याच्या घरातच हा नकाशा होता, त्याला तो शोधायला नगरला यायची गरज काय? खुद्द नगरमध्येही याआधी हश्त बिहिश्त नावाचीच बाग होती, अष्टकोनी तलावात अष्टकोनी महाल असलेली.

नगरच्या वास्तूंना स्वतःच्या नावावर उभंच राहू दिलं जात नाही. मूर्तझाचा कर्तबगार वजीर सलाबतखान शहा डोंगरावरच्या तिमजली कबरीत झोपला आहे आणि लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. नगरकरांच्या तोंडी जी ‘फऱ्याबाग’, तिच्या डोक्यावर ताजमहाल.

मग फराहबागेचं स्वतःचं काय आहे? पाणी. ही कबर नाही, किल्ला नाही. उन्हाळ्यात राहायचं घर आहे. मोठ्या चौकोनी तलावाच्या बरोबर मध्यभागी महाल बांधला आणि तिथे जायला एक वाट ठेवली. नगर-शिरूरकडची चैत्र-वैशाखातली हवा कोरडी असते. कोरडी हवा पाण्यावरून गेली की पाणी उडतं आणि हवा थंड होते. दाराशी ठेवलेला कूलर हेच करतो. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालली नसती. थंड झालेली हवा खोल, सावलीच्या कमानींतून आत येणार, दोन मजले उंच दालनात गरम हवा वर जाणार, जाड भिंती ऊन आत यायला उशीर करणार. म्हणजे तलाव हा शोभेचा भाग नाही, तो या यंत्राचा अर्धा भाग आहे.

वास्तू म्हणून तिच्यात उणंही आहे. चारही कमानी जवळपास सारख्याच. वारा कुठून येतो, ऊन कुठून येतं याचा विचार नकाशाच्या सममितीपुढे मागे पडला. नव्याने बांधताना कारागिरांनी दख्खनच्या वाऱ्याला थोडं विचारलं असतं तर बरं झालं असतं. जवळून पाहिलं तर भिंतींचं वजनही अंगावर येतं. नाजूकपणा हवा असेल त्याने सलाबतखानाच्या डोंगरावर जावं.

पाण्याचा प्रश्न फक्त सौंदर्याचा नाही. आमच्याकडे घोड धरणाच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार यावर पीकही ठरतं आणि भांडणंही. अशा मुलखात एका राजाच्या गारव्यासाठी तलाव भरला जायचा, हे वाचताना मला निव्वळ कौतुक करता येत नाही. हा राजा कारभार सोडून एकांतात राहिला, ‘दिवाणा’ म्हणून ओळखला गेला आणि १५८८ मध्ये मुलानेच त्याला तापवलेल्या हमामात कोंडून मारलं. पण त्याच काळातल्या नगरने कापूरवाडी, वडगाव, भिंगार या बाजूंनी खापरी नळ टाकून शहरभर पाणीही फिरवलं होतं. भाजक्या मातीच्या नळ्या चुन्यात बसवायच्या आणि पाणी केवळ उताराने आणायचं, पंपाशिवाय. महालाची चैन आणि गावाची तहान, दोन्हीमागे एकच विद्या होती. आपल्याला उपयोगी आहे ती ही विद्या.

आणि नेमकी तीच आपण राखलेली नाही. फराहबाग संरक्षित स्मारक आहे. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण. नियम चांगला आहे, त्याच्यामुळेच पुष्कळ वास्तू वाचल्या. पण तो भिंतीपासून बाहेर मोजतो. पाणी मात्र कित्येक मैलांवरून यायचं. त्या नळांवर रस्ते झाले, प्लॉट पडले, आणि कुठल्याही मोजपट्टीला ते दिसले नाहीत. कूलरची पेटी जपून ठेवली, टाकी आणि नळी फेकून दिली, असा हा प्रकार. म्हणून आज कोरड्या तलावात उभा असलेला महाल पाहणाऱ्याला अर्धवट वाटतो, आणि त्या अर्धवटपणाची भरपाई म्हणून आपण ताजमहालाची गोष्ट सांगतो.

तलाव पुन्हा भरा, असं मी म्हणणार नाही. टँकरवर जगणारी गावं जवळ असताना ते शोभणार नाही. पण उरलेले नळ आणि विहिरी शोधून नकाशावर आणता येतील, त्यांनाही स्मारकाचा भाग मानता येईल. महालापाशी एक फलक लावता येईल, ज्यावर ताजमहालाचं नाव नसेल. पाणी कुठून निघायचं, कसं यायचं आणि का पुरायचं, एवढंच असेल. शिरूरहून सुप्यामार्गे येणाऱ्या आमच्यासारख्यांना तो फलक लगेच कळेल.