वीसपर्यंतचे आकडे

निर्वासितांवर लिहिताना लेखकाला एक मोह हमखास होतो. वाचकाचे डोळे ओले केले की आपले काम झाले, असे तो समजतो. थान्हा लाइ या लेखिकेने हा मोह बहुतांशी टाळला आहे, म्हणून तिच्या ‘इन्साइड आउट अँड बॅक अगेन’ (२०११) या कादंबरीविषयी लिहावेसे वाटते.

लेखिका स्वतः १९७५ साली सायगाव सोडून अमेरिकेतील अलाबामा राज्यात गेली. कादंबरीतली मुलगी दहा वर्षांची. वडील बेपत्ता, बरोबर आई आणि तीन भाऊ, मागे राहिलेले एक पपईचे झाड. एका तेतपासून, म्हणजे व्हिएतनामी नववर्षापासून, दुसऱ्या तेतपर्यंतची ही कथा लहान लहान मुक्तछंदी कवितांतून सांगितली आहे. माझ्यासारखा मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तरही ती शब्दकोश मांडीवर घेऊन वाचू शकतो.

शाळेत बाई या मुलीला वीसपर्यंत आकडे म्हणायला लावतात आणि वर्ग टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांत दुष्टपणा नाही, पण अपमान आहे. मुलगी अपूर्णांक शिकून आलेली आहे. नदीचे पाणी शुद्ध कसे करावे, हेही तिला ठाऊक आहे. काल जी हुशार होती ती आज केवळ भाषेपायी मठ्ठ ठरते. ओठावर उत्तर नाही म्हणजे डोक्यातही नाही, असे मानणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे पान वाचावे.

निर्वासितांचा भार एकाच प्रांतावर पडू नये म्हणून त्यांना देशभर पांगवावे, असे अमेरिकन सरकारचे तेव्हाचे धोरण होते. छावणीतून बाहेर पडायला प्रायोजक लागे. तो मिळावा म्हणून कादंबरीतली आई अर्जावर स्वतःला ख्रिस्ती म्हणवते. इंजिनिअरिंग शिकलेला थोरला मुलगा मोटारी दुरुस्त करतो. लेखिका यावर भाष्य करीत बसत नाही. उपकार घेणाऱ्याला काय काय गिळावे लागते, ते आपल्याला आपोआप कळते.

शेजारच्या वॉशिंग्टनबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचा मुलगा व्हिएतनामच्याच युद्धात मारला गेलेला. त्या मुलीला इंग्रजी शिकवतात. एकदा प्रेमाने सुकवलेल्या, साखरेत घोळलेल्या पपईच्या फोडी देतात. मुलगी रागाने त्या टाकून देते. आई मात्र त्या गरम पाण्यात भिजवून साखर उतरवते. जुनी चव परत येत नाही, पण पोर खाते. पुनर्वसनावरच्या कितीतरी भाषणांपेक्षा या फोडींत अधिक अर्थ आहे.

मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. छळणाऱ्या मुलाची फजिती होते, भावाने शिकवलेले स्वसंरक्षण कामी येते आणि शाळेचा प्रश्न मिटल्यासारखा होतो. तो इतक्या सहज मिटत नाही. मुलीला खरे शहाणपण परत मिळाले ते शेजारणीच्या स्वयंपाकघरात. युद्धाची भयानक चित्रे वर्गाला दाखवून तिचा देश समजावू पाहणाऱ्या शाळेला तिच्या पपईची वार्ताही नव्हती. लेखिकेने शाळेला फार स्वस्तात सोडले आहे.

वॉशिंग्टनबाई प्रत्येक गल्लीत भेटतीलच असे नाही. परक्या देशात आलेले पोर शाळेत मात्र जातेच; म्हणून त्याला काय येते, हे आधी त्याच्याच भाषेत विचारण्याची सोय शाळेने केली पाहिजे. कादंबरी एवढे स्पष्ट म्हणत नाही, पण तिने ते मला म्हणायला लावले, हे तिचे यश लहान नव्हे.