मोरीतली प्रकाशयोजना

नाट्यपरीक्षणाचा एक ठरलेला साचा असतो. पहिल्या दोन परिच्छेदांत कथानक सांगून टाकायचं, म्हणजे वाचकाचे तिकिटाचे पैसे वाचतात. मधे नायिकेची स्तुती आणि नायकाला उपदेश. आणि शेवटी, जागा उरलीच तर, एक ओळ: ‘नेपथ्य व प्रकाशयोजना प्रसंगानुरूप.’ एका साप्ताहिकासाठी मी बावीस वर्षं परीक्षणं लिहितोय आणि ही ओळ दोनशे वेळा तरी लिहिली असेन. प्रसंगानुरूप म्हणजे नक्की काय, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही, हे माझं भाग्य. पडदा वर गेला आणि नट दिसले, की माझ्या लेखी प्रकाशयोजना प्रसंगानुरूप. या पापाचं प्रायश्चित्त मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी घ्यावं लागलं, आणि तेही स्वतःच्या मोरीत.

मोरी हा शब्द आमच्या घरात आता फक्त आई आणि मी वापरतो. ही ‘बाथरूम’ म्हणते, चिरंजीव ‘वॉशरूम’ म्हणतात. जागा तीच, चार फूट बाय सात फूट. छताच्या मध्यभागी एक होल्डर, त्यात साठ वॅटचा पिवळा बल्ब. ‘उजाला’ योजना 2015 साली सुरू झाली, त्यानंतर त्याच होल्डरमधे नऊ वॅटचा एलईडी बल्ब आला. प्रकाश जवळजवळ तेवढाच, वीज सातवा हिस्सा. नट बदलला, भूमिका तीच. प्रयोग व्यवस्थित चालला होता.

एके दिवशी चिरंजीव टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, “बाबा, तो एकुलता एक दिवा किती डिप्रेसिंग आहे!”

“मी तिथे आनंदी व्हायला जात नाही,” मी म्हटलं. “अंघोळीला जातो.”

“आता सगळे रिसेस्ड डाउनलाइट लावतात. दिवा छताच्या आत असतो. तो दिसतच नाही, नुसता प्रकाश दिसतो.”

“म्हणजे आकाशवाणी.”

“आणि एलईडी असल्यामुळे वीज वाचते!”

या शेवटच्या वाक्यावर ही फिरली आणि दोनास एक मतांनी ठराव पास झाला. आईला कोणी विचारलं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला घरात मान असतो, मत नसतं.

दिवे छताच्या आत जायचे तर आधी छताला ‘आत’ हवं. स्लॅबमधे भोक पाडलं तर वरच्या बिऱ्हाडाचे पाय दिसतील. म्हणून खाली जिप्समचं दुसरं छत आलं, नऊ फुटांची मोरी साडेआठ फुटांची झाली. त्या छताला मिस्त्रीने गोल भोकं पाडली. मी मोजली. सहा भरली.

“सहा कशाला हो?”

“काका, खोक्यात सहाच येतात.”

रंगभूमीच्या इतिहासात अनेक प्रकाशयोजना अशाच ठरल्या असतील, असं मला आता वाटतं. दिवे प्रत्येकी नऊ वॅटचे. साही नव्वे चोपन्न. नवाच्या जागी चोपन्न वॅट! वीजबचतीचा हा हिशेब मी चिरंजिवांपुढे मांडला. ते म्हणाले, “बाबा, गिझर दोन हजार वॅटचा आहे. त्याच्या पाच मिनिटांत हे दिवे तीन तास जळतील.” हिशेब बरोबर होता. पण या तर्काने मोरीत हत्तीही बांधता येईल.

उद्‌घाटनाच्या दिवशी बटण दाबलं आणि मी क्षणभर मागे सरलो. अठ्ठावीस चौरस फुटांत जवळजवळ पाच हजार ल्युमेन! जुना पिवळा बल्ब सातशे-साडेसातशे द्यायचा. शिवाय हा प्रकाश होता साडेसहा हजार केल्विनचा, ढगाळ दुपारच्या आभाळाच्या रंगाचा. जुना होता सत्तावीसशेचा, निरांजनाच्या घराण्यातला. गंमत म्हणजे केल्विन हे तापमानाचं माप, पण आकडा जितका चढेल तितका प्रकाश ‘थंड’ म्हणायचा. समीक्षकांचीच परिभाषा अनाकलनीय असते, असा माझा समज होता.

मग आरशात पाहिलं. एक दिवा बरोबर माझ्या डोक्यावर होता. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाखाली काळी पट्टी, हनुवटीखाली अंधार. नाटकात असा फक्त वरून पडणारा प्रकाश भुतावर टाकतात, नाहीतर पश्चात्ताप झालेल्या खुन्यावर. दाढी करताना मी रोज सकाळी गुन्हा कबूल करण्याच्या बेतात असे. आणि तेव्हा आठवलं, नाट्यगृहाच्या मेकअप रूममधे आरशाच्या दोन्ही बाजूंना बल्बांची रांग असते! चेहरा नीट दिसायचा तर प्रकाश चेहऱ्याच्या उंचीवर, दोन्हीकडून यायला हवा. बावीस वर्षं त्या खोल्यांत बसून मी फुकटचा चहा प्यायलो, पण ते बल्ब तिथे का आहेत याचा विचार केला नाही.

पावसाळ्यात दुसरा अंक सुरू झाला. वरच्या मजल्याच्या मोरीची ओल आमच्या छतावर पूर्वीपासून उतरते. जुन्या छतावर तिचा डाग पडे, तो पाहून मी वर जाऊन गोड शब्दांत तक्रार करून येई. आता डाग झाकला गेला होता. पाणी दोन छतांच्या मधे गुपचूप साठलं आणि एका दिव्याच्या भोकातून टपकलं. घरातला गळती-रक्षक स्विच पडला, सारं घर अंधारात. तो स्विच होता म्हणून निभावलं. मोरीतल्या दिव्यावर आयपी 44 किंवा 65 असा शिक्का असावा लागतो, म्हणे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आमच्या दिव्यांवर होता 20. म्हणजे पाण्याच्या बाबतीत शून्य. माझ्या शाळेतल्या गणिताच्या पेपरानंतर इतका स्पष्ट अभिप्राय मी वाचला नव्हता.

पण खरा प्रसंग पुढेच होता.

बंगालीतले थोर प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी 1959 साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात, उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात, कोळशाच्या खाणीत पाणी भरतंय असा आभास निव्वळ दिव्यांनी निर्माण केला होता. थेंबभर पाणी नसताना प्रेक्षकांना खाण बुडताना दिसली. आमच्या मिस्त्रीनेही नकळत तेच साधलं होतं. फक्त त्याची प्रेक्षक एकच होती.

एका पहाटे आईची हाक आली. धावलो. ती मोरीच्या दारात, चौकटीला धरून उभी. “अरे, सगळीकडे पाणी सांडलंय की रे.” मी पाहिलं. फरशी बहुतेक कोरडी होती. पण नव्या पांढऱ्या टाइल्सवर सहा दिवे सहा चंद्रांसारखे चमकत होते. गेले कित्येक दिवस ती बिचारी ते चंद्र चुकवत, भिंतीला हात लावून चालत होती. आणि आज सहा खोटी डबकी चुकवताना तिचा पाय सातव्या, खऱ्या डबक्यात पडला होता. चौकट हाताशी आली म्हणून वाचली.

“सांगायचं नाहीस का आई?”

“तुम्ही एवढे पैसे घातलेत,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझेच डोळे गेले.”

त्या वाक्यावर घरात कोणी काही बोललं नाही. नंतर तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. विशीच्या मानाने साठीतच डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो, म्हणून म्हाताऱ्यांना उजेड जास्त लागतो. पण भिंग धुरकट झाल्याने तोच उजेड आत विखुरतो आणि तिरीप सोसवत नाही. उजेड हवा, पण दिवा डोळ्यांत नको. जुना दिवाही निर्दोष नव्हता. नळाशी वाकलं की आपलीच सावली बादलीवर पडायची. पण त्याच्या सावल्यांमुळे बादली बादलीसारखी आणि पाणी पाण्यासारखं दिसायचं. सहा दिव्यांनी सहा दिशांनी सगळ्या सावल्या पुसल्या आणि त्याबरोबर फरशीही पुसली.

चिरंजीवांनीच मिस्त्रीला बोलावलं. चार भोकांना झाकणं लागली. दोन दिवे राहिले, मऊ पिवळसर, दुधी काचेआड, शिक्का 65. आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, दाराशी रात्रीसाठी अर्ध्या वॅटचा चिमुकला दिवा. खाली खरखरीत फरशी आणि भिंतीला धरायला दांडा. दांड्यासाठी प्रकाशयोजनाकार लागत नाही, तो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता.

परवा एक नवं नाटक पाहिलं. या खेपेस मी दिव्यांकडे पाहिलं. कुठून येतात, कोणाच्या डोळ्यांत जातात, काय झाकतात. प्रकाशावर सलग तीन परिच्छेद लिहिले, उगाच नव्हे, पोटतिडिकीने. अंक छापून आला. संपादकांनी जागेअभावी थोडी काटछाट केली होती. शेवटची ओळ होती:

‘नेपथ्य व प्रकाशयोजना प्रसंगानुरूप.’